स्वतंत्र वेणुवादन : प्रीती आणि मौन

१. विषयाची मांडणी

महाराष्ट्राच्या धार्मिक व साहित्यिक जीवनात श्रीकृष्णाची दोन रूपे समांतर नांदत आली आहेत. एक कुरुक्षेत्रावरील श्रीकृष्ण. तो बोलतो, शंकांचे निरसन करतो, युक्तिवाद करतो. दुसरा वृंदावनातील श्रीकृष्ण. त्याचे मुख्य साधन वाणी नसून वेणू आहे. पहिल्या रूपाच्या विवेचनाला आपल्याकडे फार मोठी परंपरा लाभली आहे, आणि विसाव्या शतकातील तिच्या दोन थोर प्रतिनिधींचा जन्म आजच्या रायगड जिल्ह्यात व्हावा ही लक्षणीय गोष्ट होय. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे या गावी १८९५ साली झाला. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा रोहे येथे १९२० साली. एकाने गीतेचे मराठी समश्लोकी रूप दिले व १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात तिच्यावर प्रवचने केली. दुसऱ्याने गीतेच्या प्रवचनाभोवती स्वाध्यायाचे विशाल कार्य उभे केले.

बोलणाऱ्या श्रीकृष्णाचा विचार अशा रीतीने समृद्ध झाला असताना, न बोलता केवळ वेणू वाजविणाऱ्या श्रीकृष्णाचा विचार मात्र बहुधा काव्यालंकारांच्या पातळीवरच राहिला. बासरी गोड आहे, ती मन मोहून टाकते, ती ऐकताना ध्यान लागते, अशी विधाने आपण नित्य ऐकतो. ती खोटी नाहीत. परंतु त्यांची कारणे कोठे आहेत, याचा शोध सहसा घेतला जात नाही. स्वतंत्र वेणुवादन हे प्रीतीचे व मौनाचे चिंतन आहे असे म्हणावयाचे असेल, तर या विधानाला वाद्याच्या रचनेत, वादनाच्या क्रियेत व परंपरेच्या आशयात काही आधार आहे किंवा नाही हे तपासणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच मर्यादित आहे.

हा प्रश्न आज केवळ सैद्धांतिक राहिलेला नाही. मनाला विसावा देणारे पार्श्वसंगीत म्हणून बासरीचा उपयोग सर्वत्र होऊ लागला आहे. उपाहारगृहात, रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात, निद्रा आणणाऱ्या ध्वनिमुद्रणात ती अखंड वाजत असते. अशा अखंड वाजणाऱ्या बासरीत मौन उरते काय, हा प्रश्न संगीताच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

२. शब्द आणि शास्त्र

या वाद्याला मराठीत अनेक नावे आहेत. वेणू, वंशी, मुरली, बासरी, पावा, अलगूज या शब्दांचे अर्थ एकमेकांत मिसळत असले तरी त्यांची वातावरणे निराळी आहेत. वेणू व मुरली हे शब्द भक्तिकाव्यातले. बासरी हा बैठकीतला. पावा आणि अलगूज हे रानातले व गुराख्याच्या हातातले. पैकी ‘वेणू’ या शब्दाचा मूळ अर्थ बांबू असाच आहे. ‘वंश’ या शब्दाचेही तसेच. वंश म्हणजे बांबू, वंश म्हणजे बासरी आणि वंश म्हणजे कुलपरंपरा. पेराला पेर जोडून वाढणाऱ्या वनस्पतीचे नाव कुळाला मिळावे व त्याच वनस्पतीच्या पोकळ पेरातून गुरुपरंपरेचे संगीत वाहावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

शास्त्रग्रंथांत या वाद्याचा विचार प्राचीन काळापासून झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील तिसावा अध्याय सुषिर वाद्यांना वाहिलेला असून, बोट पूर्ण उचलल्याने, अर्धे उचलल्याने व कंपित केल्याने स्वराच्या श्रुती कशा बदलतात याचे सूत्र त्यात आहे. म्हणजे आज वादक ज्या अर्धोन्मीलित छिद्राने कोमल स्वर काढतो, त्या क्रियेची जाण फार जुनी आहे. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातील वाद्याध्यायात फुंकण्याचे छिद्र व त्यानंतरचे पहिले छिद्र यांमधील अंतर अंगुळांत मोजून वंशांचे एकवीर, उमापति, त्रिपुरुष, चतुर्मुख असे प्रकार सांगितले आहेत. एका अंगुळाचा एकवीर, दोन अंगुळांचा उमापति, अशी ही नावे अंतराच्या संख्येवरून आलेली आहेत. वेणूचे हे काटेकोर मोजमाप मराठी मुलखातच झाले, आणि त्याच शतकाच्या अखेरीस, १२९० साली, त्याच यादवांच्या राज्यात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. मोजमाप आणि भक्ती या दोन गोष्टी परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही, हे ध्यानात ठेवून आपण पुढे जाऊ.

३. नळी, वारा व बोट

आडवी बासरी ही एका बाजूने बंद केलेली बांबूची नळी होय. परंतु फुंकण्याचे छिद्र उघडे असल्यामुळे ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ती दोन्ही बाजूंनी उघड्या नळीप्रमाणे वागते. ओठांतून निघालेला वाऱ्याचा पातळ झोत छिद्राच्या पैल कडेवर आदळतो, आत-बाहेर हेलकावतो आणि नळीतील वायुस्तंभाला कंपित करतो. वायुस्तंभाची लांबी जितकी अधिक तितका स्वर खाली. पांढरी तीनचा षड्ज दर सेकंदास सुमारे ३३० कंपनांचा धरला, तर सर्व छिद्रे झाकून निघणारा मंद्र पंचम सुमारे २४७ कंपनांचा येतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर मानल्यास या पंचमासाठी सुमारे ७० सेंटिमीटर व षड्जासाठी सुमारे ५२ सेंटिमीटर लांबीचा वायुस्तंभ लागतो. गंभीर स्वराची बासरी हातभराहून लांब का असावी लागते, हे एवढ्या गणितावरून स्पष्ट होईल.

बांबूची निवडही यावरूनच ठरते. बोटांच्या छिद्रांमध्ये गाठ येऊ नये म्हणून लांब पेराचा, आणि स्वर मोकळा यावा म्हणून पातळ भिंतीचा बांबू हवा. कोकणातील माणग्याची काठी जवळजवळ भरीव असते. ती मांडवाला व शेतीच्या अवजारांना उपयोगी, पण मोठ्या बासरीला निरुपयोगी. बैठकीच्या बासरीसाठी लागणारा बांबू म्हणूनच बव्हंशी आसामकडून येतो.

आता मौनाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पाहू. सतारीची तार छेडली की तिचा स्वर आपोआप क्षीण होत जातो; त्याचे विरणे हा तारेचा धर्म आहे. पेटीचा भाता हलता ठेवला तर स्वर कितीही वेळ चालू राहू शकतो. बासरीची गोष्ट या दोहोंहून निराळी आहे. तिचा स्वर वादकाच्या श्वासाएवढाच लांब असतो आणि तो कोठे संपवावयाचा हे वादकाला प्रत्येक वेळी ठरवावे लागते. म्हणजे सतारीचे मौन घडते. बासरीचे मौन करावे लागते.

हे करणे सोपे नाही. फुंक मंद केली की बासरीचा स्वर केवळ लहान होत नाही, तो किंचित उतरतोही. स्वर सुरात ठेवून विरवीत न्यावयाचा असेल, तर फुंक कमी करीत असतानाच ओठ व छिद्र यांमधील कोन अलगद बदलून छिद्र थोडे अधिक उघडे करावे लागते. नवशिक्याचा स्वर शेवटी खाली घसरतो. साधलेल्या वादकाचा स्वर आपल्या जागेवर स्थिर राहून नाहीसा होतो. स्वर व शांतता यांची सीमारेषा ऐकणाऱ्याला दाखविता येत नाही, एवढी ती सूक्ष्म होते. वेणुवादन आपणास मौनाकडे नेते असे जेव्हा रसिक म्हणतो, तेव्हा तो बहुधा या अत्यंत कठीण अशा शारीरिक क्रियेचाच परिणाम सांगत असतो.

यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागते. मंद फुंकेने वाजविलेल्या बासरीच्या ध्वनीत मूळ कंपन प्रबळ व उपस्वर थोडे असतात. त्यामुळे तो कानाला मृदू लागतो. त्याच्या जोडीने फुंकेचा हलका सुस्कारा ऐकू येत राहतो. श्रोत्याला स्वराबरोबर वादकाचा श्वास, म्हणजे एका जिवंत देहाचे सान्निध्य जाणवते. प्रीतीचा अनुभव म्हणून जे वर्णिले जाते त्याचा पहिला आधार या सान्निध्यात आहे.

४. बैठकीत आलेली बासरी

प्राचीन शास्त्रात स्थान असूनही अर्वाचीन काळात ख्यालाच्या बैठकीत बासरीला प्रमुख वाद्याचा मान नव्हता. तो मिळवून दिला पन्नालाल घोष यांनी. त्यांचा जन्म १९११ साली पूर्व बंगालमधील बारिसाल येथे झाला. १९४० साली ते मुंबईस आले, चित्रपटसृष्टीत त्यांनी काम केले, आणि १९४७ पासून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे तालीम घेतली. १९६० साली दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. लहान बासरीत ख्यालाचे गांभीर्य मावत नाही हे ओळखून त्यांनी सुमारे ३२ इंच लांबीची बासरी सिद्ध केली. सहा बोटांच्या छिद्रांना त्यांनी सातवे छिद्र जोडले. त्यामुळे मंद्र पंचमाच्या खालचा तीव्र मध्यम हाती आला व त्या भागातील स्वरसंगतीला मोकळीक मिळाली.

या सुधारणेचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. लांब बासरीमुळे मंद्र सप्तकातील संथ आलाप शक्य झाला, आणि आलाप हाच स्वतंत्र वादनाचा खरा एकांत होय. तबल्याची साथ अद्याप सुरू झालेली नसते. पाठीशी केवळ तंबोरा असतो. वादक एक स्वर लावतो, थांबतो, पुन्हा त्याच स्वराकडे दुसऱ्या वाटेने येतो. थांबण्याच्या त्या क्षणी तंबोऱ्याचा षड्ज ऐकू येतो. येथे मौन म्हणजे पोकळी नव्हे. आधारस्वर प्रकट होण्याची ती संधी होय.

पन्नालाल घोष यांची परंपरा देवेंद्र मुर्डेश्वर, वि. गो. कर्नाड आदी शिष्यांनी मुंबईत रुजविली. हरिप्रसाद चौरसिया यांची वाट निराळी. १९३८ साली अलाहाबाद येथे जन्मलेले हे कलावंत आकाशवाणीच्या नोकरीतून मुंबईस आले व पुढे त्यांनी अन्नपूर्णादेवींचे शिष्यत्व मागितले. आपण सर्व काही नव्याने शिकण्यास तयार आहोत हे गुरूला पटावे म्हणून आपण उजवीकडे धरली जाणारी बासरी डावीकडे धरू लागलो, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. ओठांचा कोन, हातांची जागा, बोटांची वर्षानुवर्षांची सवय हे सारे यात मोडावे लागते. विद्येवरील प्रीतीचे याहून मूर्त उदाहरण देणे कठीण.

५. प्रीती : आज्ञा आणि हाक

भागवताच्या दशम स्कंधातील एकविसावा अध्याय ‘वेणुगीत’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याची रचना विचारात घेण्याजोगी आहे. श्रीकृष्ण वनात वेणू वाजवितो. गोपी मात्र व्रजात आहेत. त्यांना तो दिसत नाही. जे ऐकू आले त्यावरून वनात काय घडत असेल ते त्या एकमेकींना सांगतात. म्हणजे वेणुगीत हे श्रीकृष्णाचे गीत नसून ऐकणाऱ्यांचे गीत आहे, आणि त्याचा जन्म अंतरातून झाला आहे. दुरून आलेला, शब्दरहित, एकाकी स्वर ऐकणाऱ्याच्या मनात स्वतःचा अर्थ उभा करतो. स्वतंत्र वादनातील प्रीतीचे मर्म हेच आहे. तेथे प्रेमाचे निवेदन नसते. निवेदन करण्याचे काम श्रोत्यावर येते.

त्याच अध्यायात आणखी एक वर्णन आहे. वनातील पक्षी फांद्यांवर डोळे मिटून, इतर बोलणे सोडून, मुनींप्रमाणे बसले आहेत. किलबिल हा ज्यांचा स्वभाव त्यांना येथे मौन प्राप्त झाले, आणि ते कोणी आज्ञा केल्यामुळे नव्हे. ऐकणे हेच त्यांचे मौन झाले. प्रीती व मौन यांचा संबंध याहून थोडक्यात सांगता येणार नाही : ज्यावर प्रीती आहे ते ऐकू यावे म्हणून आपण आपला आवाज थांबवितो.

पुढे एकोणतिसाव्या अध्यायात एक मार्मिक प्रसंग येतो. वेणुनाद ऐकून गोपी घरदार टाकून धावत येतात, तेव्हा श्रीकृष्ण त्यांना परत जाण्याचा उपदेश करतो. वेणूने बोलाविले आणि वाणीने परतविले. गोपी परतत नाहीत. वाणीपेक्षा वेणूच खरी असे त्यांनी ठरविले, असा या प्रसंगाचा अर्थ करता येईल. शब्द खोटा असतो असे यातून निघत नाही. शब्दाने आज्ञा करता येते, समजूत घालता येते, परीक्षा पाहता येते. नुसत्या स्वराने यांतले काहीच करता येत नाही. त्याला केवळ हाक घालता येते. ज्याला आज्ञा करता येत नाही त्याच्याकडे आपण येतो ते आपल्या इच्छेने, आणि इच्छेने येणे हाच प्रीतीचा धर्म होय.

मराठी संतांच्या गौळणींत हाच विषय घरात आला आहे. दळण, कांडण, दूध तापविणे, पाणी भरणे यांत गुंतलेली गौळण मुरलीचा स्वर ऐकते व हातचे काम विसरते. येथे वृंदावन हे मराठी खेड्याचे अंगण झाले आहे. एकनाथांच्या गौळणींचा या दृष्टीने स्वतंत्र अभ्यास होण्यासारखा आहे.

६. मौन : निवडलेले आणि वाचलेले

ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’चे पहिले प्रकरण शिवशक्तीच्या ऐक्याचे आहे आणि सहावे प्रकरण शब्दखंडनाचे. एकाच ग्रंथाच्या आरंभी प्रीती आणि मध्यावर शब्दाचा निरास, हा क्रम अकारण नाही. पहिल्या प्रकरणात दोन ओठ मिळून एक बोलणे, दोन दिवे मिळून एक प्रकाश असे दृष्टांत आले आहेत. जेथे दोघे असे एकत्र झाले तेथे एकाने दुसऱ्याला काही सांगण्याची गरज राहत नाही. म्हणून शब्द ओसरतो. या विचाराने पाहता मौन हा प्रीतीचा अभाव नसून तिची परिपूर्ती ठरते.

परंतु मौनाकडे केवळ तत्त्वज्ञानाच्या उंचीवरून पाहणे पुरेसे नाही. मौन पाळणारा एक असतो व त्याचा अर्थ लावणारे अनेक असतात. पेण तालुक्यात जन्मलेल्या विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून एक वर्षाचे मौन धारण केले. त्या वर्षाच्या मध्यावर, जून १९७५ मध्ये, देशात आणीबाणी पुकारली गेली. साधनेसाठी घेतलेल्या मौनाचे लोकांनी परस्परविरोधी राजकीय अर्थ लावले. अन्नपूर्णादेवींचे उदाहरण वेगळ्या क्षेत्रातले. सुरबहारवर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विदुषींनी १९५० नंतरच्या दशकात जाहीर वादन थांबविले व २०१८ साली मृत्यू येईपर्यंत मुंबईतील आपल्या घरी केवळ शिष्यांना विद्या दिली. त्यांच्या मौनाच्या कारणांविषयी पुष्कळ लिहिले गेले. आपल्याला त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही. त्या मौनाचे फळ मात्र निर्विवाद आहे. त्या स्वतः बासरी वाजवीत नसत, गाऊन शिकवीत. तरी हरिप्रसाद चौरसिया व नित्यानंद हळदीपूर यांच्यासारख्या वेणुवादकांनी त्यांच्याकडे विद्या घेतली. व्यासपीठावरून हरपलेला स्वर शिष्यांच्या श्वासातून ऐकू आला.

या दोन उदाहरणांवरून अभ्यासकाने एक सावधगिरी शिकावी. प्रत्येक मौन शांत नसते, आणि प्रत्येक शांतता मौन नसते. न बोलणे लादलेले असेल तर त्याला मौन म्हणणे हा शब्दाचा अपव्यवहार होय. वेणुवादकाचे थांबणे मौन ठरते, कारण पुढचा स्वर लावण्याचे सामर्थ्य हाती असताना तो थांबतो.

७. अन्य परंपरांशी तुलना

हा विचार केवळ भारतीय आहे असे मानू नये. मौलाना जलालुद्दीन रूमी यांच्या ‘मसनवी’चा आरंभ बोरूच्या बनापासून तोडलेल्या बासरीच्या विलापाने होतो, तेथेही विरह हेच ध्वनीचे मूळ आहे. जपानमधील फुके पंथाचे भिक्षू बोरूच्या टोपलीसारख्या शिरस्त्राणाने मुख झाकून शाकुहाची नावाची उभी बासरी वाजवीत हिंडत. बसून करावयाच्या ध्यानाऐवजी फुंकून करावयाचे ध्यान, अशीच त्यांची धारणा होती. १८७१ साली तेथील सरकारने हा पंथ बंद केला. त्यांच्या एकल रचना मात्र टिकून राहिल्या. या रचनांत वाक्यांशाची लांबी तालाने ठरत नाही, श्वासाने ठरते.

साम्य स्पष्ट आहे, पण भेदही विसरता कामा नये. फुके भिक्षूच्या वादनात श्रोता गौण आहे. वादन ही त्याची स्वतःची साधना. रूमीच्या बासरीला आपले दुःख जाणणारा श्रोता हवा आहे. आपल्या वेणुपरंपरेत तर, वर पाहिल्याप्रमाणे, अर्थ श्रोत्याच्या मुखातूनच प्रकटतो. तेव्हा वेणुवादनाला ध्यान म्हणताना ते वादकाचे एकट्याचे ध्यान न मानता वादक व श्रोता यांनी मिळून केलेले ध्यान मानणे आपल्या परंपरेला अधिक धरून होईल.

८. पेण व रोहे : ऐकण्याची भूमी

पेण व रोहे ही गावे या अभ्यासाला प्रत्यक्ष क्षेत्र म्हणून उपयुक्त आहेत. पेण भोगावतीच्या व रोहे कुंडलिकेच्या काठी आहे. एका बाजूस सह्याद्रीच्या रांगा व त्यांतील ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. दुसऱ्या बाजूस खाड्या व भातशेती. पेण व त्यालगतच्या हमरापूर, जोहे या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत आहे, कोकण रेल्वेचा आरंभही रोह्यापासून होतो, आणि मुंबई-गोवा महामार्ग पेणवरून जातो. म्हणजे रानातील एकांत, कारागिराची एकाग्रता आणि यंत्रांचा अखंड आवाज ही तिन्ही ध्वनिविश्वे येथे काही मैलांच्या परिसरात सापडतात.

पदव्युत्तर विद्यार्थ्याने येथे तीन प्रकारची कामे हाती घ्यावीत. पहिले, गुराख्यांकडील पावा व अलगूज यांच्या लांबीची, छिद्रांची व स्वरांतरांची नोंद. शार्ङ्गदेवाने अंगुळांनी जे केले ते आपण सेंटिमीटरांनी करावे. दुसरे, वाद्य कोणत्या प्रसंगी, कोणासाठी व कोणत्या वेळी वाजते आणि कोणत्या वेळी वाजवू नये असे मानले जाते, याची विचारपूस. तिसरे, एकच आलाप पावसाळ्यात कौलारू घरात, महामार्गालगतच्या घरात व वाडीच्या माळावर ऐकवून, स्वर केव्हा संपला असे श्रोत्यांना वाटते त्याची नोंद. यांतील तिसऱ्या कामाला साधने थोडी लागतात, पण त्यातून मौनाविषयीच्या आपल्या पुष्कळ कल्पनांची परीक्षा होईल. सतत गोंगाटात राहणाऱ्या श्रोत्याला विरणाऱ्या स्वराची शेवटची पायरी ऐकूच येत नसेल, तर त्याच्यापुरते बासरीचे निम्मे संगीत नष्ट झाले असे म्हणावे लागेल.

९. निष्कर्ष

आरंभीच्या प्रश्नाकडे आता वळू. बासरीचे स्वतंत्र वादन हे प्रीतीचे व मौनाचे चिंतन आहे, या विधानाला तीन आधार मिळतात. वाद्याच्या रचनेचा पहिला : बासरीचे मौन आपोआप घडत नाही, ते श्वासाने व ओठाने साधावे लागते. परंपरेच्या आशयाचा दुसरा : वेणू आज्ञा करीत नाही, हाक घालते, आणि तिचा अर्थ ऐकणारा सांगतो. तिसरा आधार गुरुशिष्यव्यवहाराचा : एकाने थांबविलेला स्वर दुसऱ्याच्या श्वासाने पुढे जातो.

हे आधार मान्य केले तर पार्श्वभूमीला अखंड वाजत राहणारी बासरी या चिंतनापासून दूर गेली आहे, हेही मान्य करावे लागेल. कारण जी कधी थांबत नाही तिच्यात वादकाचे मौन नाही, आणि जिच्यासाठी कोणी बोलणे थांबवीत नाही तिच्यात श्रोत्याची प्रीती नाही. गीतेचा उपदेश समजावून देणारे थोर पुरुष या भूमीने दिले. वेणूचा अर्थ लावण्याचे काम अद्याप शिल्लक आहे, आणि त्याची पहिली अट प्रवचनाची नसून ऐकण्याची आहे.